कॉन्फेडरेशन कपमध्ये क्लबला प्रवेश कसा मिळतो? पात्रता, परवाना आणि कागदपत्रं

काफ, म्हणजे आफ्रिकेची फुटबॉल संघटना, भरवते तो कॉन्फेडरेशन कप ही आफ्रिकेतली चॅम्पियन्स लीगखालची क्लब स्पर्धा. काफ कप आणि कप विनर्स कप एकत्र करून ती २००४ साली सुरू झाली. तिच्यासाठी क्लबला काफकडे थेट अर्ज करता येत नाही. नाव जातं ते देशाच्या फुटबॉल महासंघामार्फत.

आधी पात्रता. प्रत्येक देशाला साधारण एक जागा असते, ती देशांतर्गत कप जिंकणाऱ्याची. पाच वर्षांच्या कामगिरीवरच्या काफ क्रमवारीत पहिल्या बारांत असलेल्या देशांना दोन, म्हणजे लीगमधल्या तिसऱ्या संघालाही संधी. मात्र कप जिंकणारा संघच लीगविजेता असेल तर गणित सरकतं. २०२३-२४ मध्ये टांझानियात यांगाने दोन्ही जिंकलं. यांगा आणि दुसरा आलेला अझाम चॅम्पियन्स लीगला गेले. मग तिसऱ्या सिंबासोबत चौथ्या कोस्टल युनियनलाही कॉन्फेडरेशन कपचं तिकीट मिळालं.

मैदानावर जागा मिळवली तरी परवाना हवाच, आणि खरी दमछाक इथेच होते. निकष पाच प्रकारचे: क्रीडा, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ व प्रशासन, कायदेशीर, आर्थिक. 'अ' श्रेणीची एकही अट चुकली की परवाना नाही. 'ब' श्रेणीची चुकली तर परवाना मिळू शकतो, पण कारवाई होते. 'क' श्रेणी फक्त शिफारशीची. फाइलमध्ये क्लबच्या नोंदणीची आणि मालकीची कागदपत्रं, लेखापरीक्षित ताळेबंद, खेळाडूंचे आणि इतर क्लबांचे पैसे थकलेले नसल्याचा पुरावा, प्रशिक्षकांचे परवाने, युवा संघांची माहिती आणि मैदान वापरण्याचा करार असतो. महिला संघाचीही अट आता आहे. महासंघाची समिती फाइल तपासते. नकार आला तर वेगळ्या अपील समितीकडे दाद मागता येते. ही चौकट आपल्याकडेही अनोळखी नाही; एफसी गोवासारखे क्लब आशियाई परवान्यासाठी अशीच फाइल तयार करतात.

मैदानाचं प्रकरण मात्र परवान्याबरोबर संपत नाही. काफ ते पुन्हा तपासते आणि ऐन वेळी नापासही करते. २०२५ च्या अंतिम फेरीत सिंबाचा परतीचा सामना दार-एस-सलाममधल्या बेंजामिन म्कापा स्टेडियमवर व्हायचा होता. खेळपट्टी योग्य नाही म्हणून काफने तो झांझिबारच्या अमान स्टेडियमवर हलवला. टांझानियातून ओरड झाली, पण निर्णय बदलला नाही. तिथे १-१ बरोबरी झाली. आपल्या घरी, मोरोक्कोत, पहिला सामना २-० ने जिंकलेल्या आरएस बर्कानने कप नेला.

जर्सीला साधी बाब समजू नये. तीही काफकडून मंजूर करून घ्यावी लागते. एप्रिल २०२४ मध्ये उपांत्य फेरीसाठी बर्कान अल्जियर्सला उतरला, तेव्हा अल्जेरियन कस्टम्सने त्यांच्या जर्सी जप्त केल्या. कारण त्यावरच्या मोरोक्कोच्या नकाशात पश्चिम सहारा दाखवला होता; या वादग्रस्त प्रदेशावर मोरोक्को हक्क सांगतो, अल्जेरियाला तो मान्य नाही. काफची मंजुरी असल्याने बर्कान दुसऱ्या जर्सीत खेळायला तयार नव्हता. सामना झालाच नाही. काफने बर्कानला ३-० विजयी ठरवलं. परतीच्या सामन्याला प्रतिस्पर्धी अल्जेरियन क्लब यूएसएम अल्जे मोरोक्कोत पोहोचला, पण मैदानात उतरला नाही. वाद पुढे आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत गेला.

हे सगळं पार पडलं की आधी प्राथमिक फेऱ्या खेळायच्या, जास्तीत जास्त दोन. त्यातून उरलेले १६ संघ चार गटांत विभागले जातात आणि प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात. २०२४-२५ मध्ये विजेत्याला २० लाख डॉलर होते.