टर्मिनलची नियंत्रण-चिन्हे बदलणे

युनिक्स-लिनक्सच्या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) दाबलेल्या काही कळा मजकूर म्हणून प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाहीत. कर्नेलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, टीटीवाय ड्रायव्हर (टर्मिनल सांभाळणारा भाग) त्या मधल्या मध्ये उचलतो आणि हुकूम मानतो. चालू काम मोडणारी कंट्रोल-सी (आस्की या चिन्हक्रमांकांच्या तक्त्यात ३), ओळ पुसणारी कंट्रोल-यू (२१), निविष्टी संपवणारी कंट्रोल-डी (४) ही त्यातली रोजची मंडळी. कोणत्या चिन्हाने काय करायचे, हे ‘एसटीटीवाय’ (stty) आज्ञेने बदलता येते; चिन्हाऐवजी ‘अनडेफ’ (undef) दिले की ते काम कुठल्याच कळेकडे राहत नाही. सुरुवातीच्या युनिक्समध्ये एक अक्षर पुसायला # आणि अख्खी ओळ पुसायला @ होते. आजचा ईमेल पत्ता तिथे लिहिणे म्हणजे शिक्षाच!

बदलण्याजोगी पहिली जोडी म्हणजे पडद्यावरचा मजकूर थांबवणारी कंट्रोल-एस (१९) व तो पुन्हा चालू करणारी कंट्रोल-क्यू (१७). धिम्या टेलिप्रिंटरला दम घेता यावा म्हणून आलेली ही सोय आता बहुधा गोंधळच घालते. मालवण-देवगडकडे भर पावसात कुणी दूरच्या सर्व्हरवर काम करत असतो, फाइल सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबतो आणि पडदा थिजतो. ‘रेंज गेली’ म्हणून खिडकी बंद करण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून पाहावे. ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ (stty -ixon) दिले की हा प्रकारच बंद होतो. कंट्रोल-सी मात्र हलवू नये. दुसऱ्याच्या यंत्रावर बोटे फसतात.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण वेगळी. प्रत्येक कामासाठी एकच बाइट राखलेला असतो, तर यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीमध्ये देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे. म्हणून ‘ळ’ला असे काम नेमता येत नाही. ‘हापूस’मध्ये ह, काना, प, उकार, स मिळून १५ बाइट. लिनक्सवर एसटीटीवायची ‘आययूटीएफ८’ (iutf8) ही मांडणी चालू असेल तर बॅकस्पेस एकेक चिन्ह पुसते. बंद असेल तर एकेक बाइटच जातो. पडद्यावर शब्द पुसलेला दिसतो, ओळीत मात्र बाइटांचे तुकडे उरतात. बॅश हे शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम) स्वतःच ओळ सांभाळत असल्याने हे तिथे जाणवत नाही, ‘कॅट’सारख्या (cat) साध्या प्रोग्रामात जाणवते.

बॅकस्पेस दाबल्यावर ‘^?’ उमटत असेल, तर कळ १२७ क्रमांकाचे चिन्ह पाठवते आहे आणि ड्रायव्हर भलत्याच चिन्हाची वाट पाहतो आहे.

ही मांडणी त्या टर्मिनलपुरतीच; खिडकी बंद झाली की गेली. म्हणून ती बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचते त्या .bashrc फाइलीत) लिहितात, पण शेल परस्परसंवादी असेल, म्हणजे समोर माणूस टाइप करत असेल, तरच चालेल अशी अट घालून. सगळेच बिघडले आणि एंटरही चालेना, तर एंटरऐवजी कंट्रोल-जे, मग सगळे ठाकठीक करणारी ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane) आज्ञा, पुन्हा कंट्रोल-जे. याने आपण केलेले बदलही पुसले जातात.