इंदुरातल्या घिसाडी, गोंधळी घरांनी दाखला आणि सीडचा अर्ज कसा करायचा

आपल्या इंदुरात बऱ्याच मराठी लोकांना वाटतं की भटक्या-विमुक्तांच्या योजना म्हणजे महाराष्ट्रातलं काहीतरी, पण तसं नाहीये. मध्यप्रदेशात 2011 मध्ये यासाठी वेगळा विभाग सुरू झाला, 51 जातींची यादी आहे, 21 विमुक्त आणि 30 घुमंतू-अर्धघुमंतू (म्हणजे भटक्या-अर्धभटक्या), आणि त्यात घिसाडी, गोंधळी पण आहेत, म्हणजे आपलीच मराठी बोलणारी माणसं.

आधी जातीचा दाखला काढा. अर्ज लोकसेवा केंद्रात द्यायचा, सही एसडीएमची (म्हणजे प्रांत अधिकाऱ्याची). सोबत आधार, समग्र आयडी (मध्यप्रदेश सरकारचा ओळख नंबर; कुटुंबाची 8 आकडी, माणसाची 9 आकडी, दोन्ही लागतात), फोटो, राहण्याचा पुरावा, आणि वडील, काका, आत्या कोणाचाही जुना दाखला घरात असेल तर शोधून काढाच.

गाडी अडकते ती जातीच्या नावावर. बाणगंगेकडे रस्त्याच्या कडेला विळे-कोयते घडवणाऱ्या एका घिसाडी मावशींचा फॉर्म भरायला बसलो तर मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर "लोहार". ॲडमिशनच्या वेळी कोणीतरी विचारलं काम काय करता, मावशी म्हणाल्या लोखंडाचं, झालं, तेच लिहिलं. आता लोहार इथे ओबीसीतली वेगळी जात आहे, विमुक्त-घुमंतूंच्या यादीत नाव घिसाडी आहे, त्यामुळे पोराचा हक्क एका शब्दासाठी जातो आणि मला याचं फार वाईट वाटतं. फॉर्मआधी शाळेचा कागद नीट वाचा, चूक असेल तर आधी तिथेच दुरुस्त करून घ्या.

दुसरी गोष्ट, केंद्र सरकारची भटक्या-विमुक्तांसाठीची सीड योजना. 16 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाली, 2021-22 ते 2025-26 साठी 200 कोटी, म्हणून पोर्टलवर मुदत आधी बघा. घराचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे आणि तोच फायदा दुसऱ्या योजनेतून घेतलेला नसावा. यात स्पर्धा परीक्षांचं फ्री कोचिंग, आयुष्मानचा 5 लाखांपर्यंत आरोग्य विमा, बचतगटांतून रोजगार आणि घरासाठी मदत आहे. आधार, बँक पासबुक आणि चालू मोबाईल नंबर जवळ ठेवा.

दाखल्याचा अर्ज दिला की पावती घ्याच, तिच्यावर काम कधी होणार ती तारीख असते. मावशींनी ती ऐरणीच्या पेटीत घडी घालून ठेवलीये. तारीख उलटली तर 181 वर सीएम हेल्पलाइनला पावतीचा नंबर सांगून तक्रार लिहवा.