कणकुंबीचा चिखल आणि जपानी जिप्सी

पावसाळ्यात बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबी भागात डांबरी सोडून शेताच्या वाटेला लागलं, की लाल चिखल भल्याभल्या गाड्यांना धरून ठेवतो. अशा वाटांवर जुनी मारुती जिप्सी तरून जाते याचं श्रेय लोक सरसकट ‘फोर बाय फोर’ला, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळण्याला देतात. माझ्या मते निम्मं श्रेय तिच्या कमी वजनाचं.

हे वजन आलं जपानच्या करातून. तिथं तेव्हा ३६० सीसीच्या आतलं इंजिन आणि ३ मीटरच्या आतली लांबी असेल तर कर कमी असे. होप मोटर या छोट्या कंपनीच्या अशा फोर बाय फोर गाडीचे हक्क सुझुकीनं घेतले आणि १९७० मध्ये ३५९ सीसीची जिम्नी एलजे१० काढली. लांबी नियमात बसावी म्हणून स्टेपनी चक्क आत, पुढच्या सीटमागे! चौथ्या माणसाची जागा त्यात गेली.

याच घराण्यातली ९७० सीसीची जिप्सी मारुतीनं १९८५ मध्ये आणली. ताकद जेमतेम ४५ अश्वशक्ती, पण वजनही टनाच्या आसपासच. लष्करानं ती उचलली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावला हिरवी जिप्सी काही नवी नाही. मागेपुढे पाट्यांचं सस्पेन्शन, त्यामुळे आराम कसा आहे ते मागच्या बाकावर बसणाऱ्यालाच विचारावं.

खरी गंमत ट्रान्सफर केसमध्ये. गिअरबॉक्समधून आलेली ताकद ही पेटी पुढच्या-मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टना वाटते. फोर व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरायला बांधले जातात. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर जरासा घसरतो आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये साठत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि फोर व्हीलचा लिव्हर अडकून बसतो. अशा वेळी गाडी थोडी सरळ मागे घ्यायची, पीळ सुटतो. चोर्ला घाटाच्या सुक्या वळणांवर उगाच फोर व्हील ठेवू नये ते यासाठीच.

याच पेटीतल्या लो रेंजमध्ये, म्हणजे जास्तीच्या हळू गिअरमध्ये, वेग घटतो आणि चाकावरचा जोर वाढतो. तरी डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल साधंच, लॉक नसलेलं. पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झालं की तीच दोन गरगरतात, जमिनीवरची दोन गप्प उभी. मग दोरी बांधायची, चार गडी लावायचे. गाडी हलकी असल्यानं बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, ट्रॅक्टर बोलवावा लागत नाही.