धग वेगळी, राख वेगळी: किरणोत्सर्गी गेजच्या गाडीला अपघात होतो तेव्हा

रस्त्याचा भराव पुरेसा दबला का, हे तपासायला महामार्गाच्या कामांवर एक गेज वापरतात. पेटीत घालून, गाडीत बांधून ते एका साइटवरून दुसऱ्या साइटवर नेलं जातं. त्यात साधारणपणे दोन सोर्स, म्हणजे किरणं सोडणारे पदार्थ, असतात: घनतेसाठी सीझियम-१३७ आणि ओलाव्यासाठी अमेरिशियम-बेरिलियम. अशी गाडी उलटली आणि पेटीवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह कुणाला दिसलं, की 'रेडिएशन पसरलं' अशी हाकाटी होते. मग जखमी ड्रायव्हरला हात लावायलाही माणसं कचरतात. या भीतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते: अंगावर किरणं पडणं आणि अंगाला किरणोत्सर्गी पदार्थ लागणं.

शेकोटीजवळ बसलं की धग लागते, दूर सरलं की थांबते. राख मात्र अंगाला चिकटली तर घरापर्यंत येते. सोर्समधून निघणारी किरणं धगीसारखी असतात. सीझियमची गॅमा किरणं अंगावर पडली म्हणून माणूस स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. त्याला उचलणाऱ्याला, त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला त्याच्यापासून काहीही होत नाही. सोर्सची कुपी फुटून आतला पदार्थ कपड्यांवर, त्वचेवर, श्वासात गेला, तर ते दूषण. ते माणसाबरोबर फिरतं आणि इतरांनाही लागू शकतं.

अपघातात कुपी फुटते का? वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा सगळा भर याच प्रश्नावर आहे. गेजचे सोर्स सहसा 'स्पेशल फॉर्म' प्रमाणपत्राच्या, वेल्डिंगने बंद केलेल्या पोलादी कुपीत असतात. ही कुपी ९ मीटरवरून आपटून आणि ८०० अंश सेल्सिअसला १० मिनिटं तापवून तपासलेली असते. साध्या 'टाइप ए' खोक्यात अमेरिशियम-२४१ किती नेता येतं, ते पाहा. बेक्वेरेल हे सोर्सची ताकद मोजायचं एकक. अशा कुपीत असेल तर १० टेराबेक्वेरेलपर्यंत, नसेल तर फक्त ०.००१ टेराबेक्वेरेल, म्हणजे १ गिगाबेक्वेरेल. पदार्थ तोच, पण मर्यादेत दहा हजार पटींचा फरक, कारण अमेरिशियमचा खरा धोका श्वासातून आत गेल्यावर आहे. रस्त्याच्या गेजमध्ये ते साधारण १.५ गिगाबेक्वेरेल असतं. म्हणजे हे गेज टाइप ए खोक्यातून जाऊ शकतं ते केवळ त्या कुपीच्या भरवशावर. मला नियमांमधला हा सगळ्यात बोलका आकडा वाटतो.

कुपी शाबूत आहे म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. गाडीने पेट घेतला तर गेजभोवतीचं शिसं ३२७ अंशांनाच वितळतं. दूषण शून्य, पण आडोसा गेल्यामुळे किरणांचा मारा वाढलेला, अशी स्थिती होऊ शकते.

जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गुडाय-डॅरी या लोहखाणीतून पर्थकडे निघालेल्या गेजमधून सीझियमची कुपी वाटेत पडली. प्रवास सुमारे १४०० किलोमीटरचा, कुपी ८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड. टक्कर झाली नव्हती, गाडी उलटली नव्हती. पेटी उघडली तेव्हा गेज मोडलेलं आणि स्क्रू निघालेले होते. सोर्स १९ गिगाबेक्वेरेलचा होता. त्यापासून एक मीटरवर तासाला सुमारे दीड मिलिसीव्हर्ट (अंगावर पडणाऱ्या किरणांचं माप) मात्रा बसते. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादाच १ मिलिसीव्हर्ट आहे. अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाईवर येते, म्हणून ३० मीटरवर ती नऊशे पटींनी कमी. पण हीच कुपी कुणी खिशात टाकली असती, तर काही तासांत कातडी भाजली असती. १ फेब्रुवारीला शोधपथकाच्या गाडीतल्या यंत्राने ती न्यूमन गावाच्या दक्षिणेला, रस्त्यापासून दोन मीटरवर हेरली. ती फुटलेली नव्हती.

सीझियमची कुपीच फुटल्यावर काय होतं ते ब्राझीलमधल्या गोयानियाने १९८७ मध्ये भोगलं. तो गेजचा सोर्स नव्हता, कर्करोगाच्या उपचारांचा, कितीतरी मोठा होता आणि आत भुकटी होती. ओस पडलेल्या दवाखान्यातून तो उचलून नेला, भंगारात फोडला, अंधारात निळी चमकणारी भुकटी घरोघर वाटली गेली. चार जण दगावले, २४९ जणांना दूषण झालं आणि सुमारे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली. तो सोर्स रस्त्यावरच्या धक्क्याने फुटला नाही, माणसांच्या हातांनी फुटला. म्हणूनच अपघातानंतर पेटी भंगारवाल्याच्या हाती लागू न देणं फार महत्त्वाचं.

प्रत्यक्ष जागेवर आधी जखमीला बाहेर काढायचं. त्या काही मिनिटांच्या माऱ्यासाठी कुणाचा जीव अडवू नये. मग गेजपासून ३० मीटरपर्यंत कुणाला फिरकू द्यायचं नाही, आणि जमिनीवर सुटा धातूचा तुकडा दिसला तर हाताने उचलायचा नाही. पेटीच्या पिवळ्या लेबलवर 'ट्रान्सपोर्ट इंडेक्स', म्हणजे पेटीपासून एक मीटरवरच्या मात्रेचा आकडा, छापलेला असतो. ०.५ असेल तर एक मीटरवर मात्रा तासाला ०.००५ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त नको. किरणं मोजणाऱ्या यंत्राने (मीटरने) तेवढीच दाखवली तर आडोसा जागेवर आहे. बरीच जास्त दाखवली तर कुपी उघडी पडली आहे असं समजून आणखी मागे सरायचं.

दूषणाची तपासणी मात्र गेजपासून दूर करायची, कारण सोर्सजवळ मीटर सगळीकडेच ओरडतो आणि जखमीच्या कपड्यांवर काही आहे की नाही ते कळत नाही. गेजची गळती पाहायची असेल तर तज्ज्ञ त्यावरून बोळा फिरवून तो बोळा मोजतात. रुग्णालयाला दूषणाची शंका असेल तर वरचे कपडे काढून पिशवीत बंद करावेत. बहुतांश दूषण त्यांच्याबरोबरच जातं. हातमोजे आणि मास्क घालून रक्तस्राव थांबवणं, श्वास सांभाळणं लगेच सुरू करावं. भारतात या वाहतुकीवर मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक परिषदेचं नियंत्रण आहे, त्यामुळे पोलिसांबरोबर तिलाही तातडीने कळवायचं. ड्रायव्हरजवळच्या कागदांत सोर्सचं नाव आणि ताकद लिहिलेली असते. फोन करताना तो कागद हातात असू द्यावा.