मेहरानगड की सोनार किल्ला? जोधपूर-जैसलमेरची गल्लत

राजस्थानच्या सहलीच्या पत्रकात जोधपूर आणि जैसलमेर ही नावं जोडीनंच छापलेली असतात. टोपणनावंही घोटाळ्यात टाकणारी: जोधपूर सूर्यनगरी, जैसलमेर सुवर्णनगरी. दोन्ही वाळवंटाच्या मुलखातली, दोन्हीकडे टेकडीवर किल्ला, कोरीव झरोके, पायथ्याशी बाजार. मग माणसं दोन्ही किल्ले एकाच हिशेबानं पाहायला निघतात आणि एकीकडे तरी फसतात. जोधपूरचा मेहरानगड आज संग्रहालय आहे. जैसलमेरचा सोनार किल्ला आजही नांदतं गाव आहे. किती वेळ ठेवायचा, सकाळी जायचं की दुपारी, मुक्काम कुठे करायचा, हे सगळं या फरकावरून ठरतं.

नावापासूनच सुरुवात करू. मेहरानगडातला 'मेहर' मिहिर म्हणजे सूर्य या शब्दावरून आला असं मानतात. जोधपूरचे राठोड स्वतःला सूर्यवंशी म्हणवतात. जैसलमेरचे भाटी यदुवंशी, म्हणजे चंद्रवंशी. 'सोनार किल्ला' ऐकून मराठी माणसाला दागिने घडवणारा सोनार आठवतो, पण इथे अर्थ सोन्याचा किल्ला. पिवळा वालुकाश्म उन्हात खरोखरच सोन्यासारखा दिसतो. फोटोंची सरमिसळ झाली असेल तर दगड बघा. जैसलमेरमध्ये किल्ला, घरं आणि हवेल्या एकाच पिवळ्या रंगात. जोधपूरचा किल्ला तांबूस आणि त्याच्या पायथ्याला निळी घरं.

मेहरानगड राव जोधानं 1459 मध्ये बांधायला घेतला. शहरापासून सुमारे 120 मीटर उंच उठलेल्या कातळावर तो उभा आहे आणि तटाची उंची काही ठिकाणी 36 मीटरपर्यंत जाते. हा कातळ ज्वालामुखीतून बनलेला, रायोलाइट नावाचा कठीण खडक. कडा कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो हे खालून पटकन कळत नाही. मुख्य वाट जय पोळीतून (पोळ म्हणजे मोठा दरवाजा). ही पोळ महाराजा मानसिंहानं 1806 मध्ये बांधली. पुढच्या डेढ कांगरा पोळीवर तोफगोळ्यांचे व्रण अजून दिसतात. लोहा पोळीपाशी रस्ता एकदम काटकोनात वळतो. हत्तीला धावत येऊन दारावर धडक देता येऊ नये म्हणून हे वळण ठेवलं आहे. गोमुखी दरवाजा पाहिलेल्या मराठी माणसाला ही युक्ती सांगावी लागत नाही. त्याच दारात सतींच्या हातांचे ठसे आहेत. तिथे गर्दी होते, पण दोन क्षण थांबा.

वरचे महाल मेहरानगड म्युझियम ट्रस्ट सांभाळतो. 1972 मध्ये महाराजा गजसिंह दुसरे यांनी तो स्थापन केला, आणि भारतातल्या किल्ल्यांमध्ये इतकी नीट राखलेली संग्रहालयं फार थोडी आहेत. शृंगार चौकातलं राज्याभिषेकाचं संगमरवरी आसन, हत्तीवरचे हौदे, पालख्या, फूल महाल, मोती महाल, तखत विलास हे एका ठरलेल्या वाटेनं पाहायचं असतं. मागे फिरलात की गर्दीला आडवे येता. तीन तास हाताशी ठेवा. दीड तासात आटोपणाऱ्यांची शेवटची दालनं धावतपळत होतात, आणि मोती महाल तर शेवटाकडेच येतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर वेगळं तिकीट काढून लिफ्टनं वर जाता येतं. चामुंडा मातेचं मंदिर तटाच्या टोकाशी आहे. 2008 च्या नवरात्रात तिथल्या चेंगराचेंगरीत दोनशेहून अधिक भाविक गेले. नवरात्रात जाणार असाल तर पहाटेची गर्दी टाळाच.

उतरताना एक गोष्ट आवर्जून करा. आलेल्या वाटेनं गाडीपाशी परतू नका, फतेह पोळीतून खाली या. ही वाट थेट जुन्या वस्तीत, ब्रह्मपुरीच्या निळ्या घरांकडे उतरते. वरून पाहिलेली निळाई इथे हाताच्या अंतरावर येते. बहुतेक टूरवाले मात्र गाडी जय पोळीलाच उभी करतात, म्हणून चालकाला आधी सांगून ठेवा.

जैसलमेरला याच सवयीनं गेलात तर पहिला गोंधळ तिकीटखिडकी शोधण्यात होईल. ती नाहीच. रावळ जैसलनं 1156 मध्ये वसवलेल्या या किल्ल्यात आजही हजारो लोक राहतात. दुकानं, देवळं, धुणी वाळत घातलेले सज्जे सगळं आत आहे. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ अशा चार दारांतून दशहरा चौकात पोहोचता. तिकीट लागतं ते राजमहालाच्या संग्रहालयाला आणि जैन मंदिरांना. गल्ल्या अरुंद आहेत, सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर पार्किंगपासून चालण्याचा विचार आधी करा.

इथे सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. जैन मंदिरं पर्यटकांसाठी मुख्यतः सकाळीच उघडी असतात. जेवून निवांत दुपारी गेलात तर पार्श्वनाथ, संभवनाथांची कोरीव तोरणं पाहायची राहून जातात, आणि किल्ल्यातलं सर्वोत्तम काम तेच आहे. नेमकी वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: सकाळी आधी मंदिरं, मग राजमहाल, उन्हं चढली की खाली उतरून पटव्यांच्या पाच हवेल्या.

मुक्कामाचं जरा कळकळीनं सांगायला हवं. किल्ल्याच्या आत हॉटेलं आहेत आणि त्यांच्या गच्चीवरून दिसणारं दृश्य मोहात पाडतं. पण जैसलमेरची टेकडी मेहरानगडासारख्या कठीण खडकाची नाही. तिच्यात मातकट, पाणी पिऊन फुगणारे थर आहेत. घड्यानं पाणी भरायच्या काळात ते खपून गेलं. नळ आले, गेस्टहाऊसची न्हाणीघरं वाढली, सांडपाणी किल्ल्याच्या पायात मुरलं आणि बुरूज ढासळले. 99 बुरुजांचा हा किल्ला 2013 पासून जागतिक वारसा यादीत आहे. (त्या यादीत राजस्थानचे सहा डोंगरी किल्ले आहेत, मेहरानगड त्यांत नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.) रात्र बाहेरच्या हॉटेलात काढा, दिवस आत घालवा. किल्ला बघायला तर बाहेरूनच छान: सकाळी गडीसर तलावाकडून, संध्याकाळी व्यास छत्री या स्मारकाकडून. जोधपूरला हेच काम सकाळी जसवंत थडा हे राजघराण्याचं स्मारक करतं.

बाजारांचंही तसंच. जोधपूरचा घंटाघराभोवतीचा सरदार मार्केट शहराचा रोजचा बाजार आहे. मथानियाची लाल मिरची, बांधणी, मोजड्या घ्या. मिर्चीवडा आणि मावा कचोरी तिथेच खा. जैसलमेरच्या माणक चौकाकडची दुकानं बरीचशी पर्यटकांवर चालतात, तेव्हा भाव करायला लाजू नका. तिथून आणायचं ते घोटुआं लाडू आणि हाबूरच्या तांबूस, शंख-शिंपल्यांच्या खुणा असलेल्या दगडाची वाटी. तिच्यात विरजणाशिवाय दही लागतं असं विक्रेते सांगतात. वाटी सुंदर आहे, एवढ्यावर घ्यावी.

वाळूच्या टेकड्या जोधपुरात नाहीत. त्यासाठी जैसलमेरपासून सुमारे 40 किलोमीटरवर सम किंवा खुडी. समला तंबू, डीजे आणि गर्दी. शांतता हवी तर खुडी. जैसलमेरला जाणारच नसाल तर जोधपूरहून 65 किलोमीटरवरचं ओसियां. टेकड्या लहान, पण जुनी मंदिरं अप्रतिम.

दोन शहरांत रस्त्यानं सुमारे 280 किलोमीटर, पोखरणमार्गे पाच तास. आधी जोधपूर, मग जैसलमेर असा क्रम सोयीचा. जोधपूरला दीड दिवस, जैसलमेरला वाळवंटातली रात्र धरून दोन. हातात आणखी एक दिवस असेल तर मराठी माणसानं जोधपूरच्या उत्तरेला नागौरला जावं. मारवाडच्या विजयसिंहाविरुद्धच्या मोहिमेत 1755 मध्ये मराठा सरदार जयाप्पा शिंदे तिथेच मारले गेले. डिसेंबर-जानेवारीत जाल तर स्वेटर पुरत नाही, कानटोपी आणि जाड जाकीट घ्या. समच्या तंबूत पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास येतो.