चाकांची आगबोट: चाकं बाजूला की मागे?

चाकांच्या आगबोटीचं मॉडेल मुळापासून स्वतः घडवायचं, असं कोणी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: पांढरीशुभ्र दोनतीन मजली बोट, पुढे दोन उंच धुराडी आणि मागे फिरणारं एक भलंमोठं लाल चाक. हे चित्र अमेरिकेतल्या नद्यांचं आहे. आपल्या किनाऱ्यासमोरच्या समुद्रात ज्या चाकांच्या आगबोटी चालल्या, त्यांची चाकं मागे नव्हती. ती दोन होती आणि बोटीच्या मध्यावर, डावी-उजवीकडे बसवलेली होती. फरक दिसायला एवढाच. पण मॉडेल करणाऱ्याने तो आधी नीट समजून घेतला पाहिजे, कारण चाकाची जागा बदलली की तळाचा आकार, वजनाची मांडणी, सुकाणू, चाकाच्या फळ्या असं सगळंच बदलतं. एका जातीच्या नकाशावर दुसऱ्या जातीचं चाक चढवलं तर बोट तरंगेल, पण ती कुठलीच बोट राहणार नाही.

कोकणात हा गोंधळ होणं साहजिक आहे. आपल्याकडे बोटीच्या आठवणी सांगणारी पिढी आहे, पण तिने पाहिलेल्या 'कोकण सेवक' किंवा 'कोकण शक्ती' या पाण्याखालच्या पंख्यावर चालणाऱ्या डिझेलच्या बोटी. चाकांचा काळ त्याच्या फार आधीचा. त्यातली आपल्या सर्वांत जवळची बोट म्हणजे 'ह्यू लिंडसे'. मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या हाताखाली ती तयार झाली आणि २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. ४११ टनांची बोट, ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं आणि बाजूला दोन चाकं. तिच्यात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावायचा आणि एडन तर त्याहून कितीतरी लांब. म्हणून जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. बोट इतकी खाली बसली की मागची बाजू जवळजवळ पाण्याला टेकली. एडनला पोचेपर्यंत तो कोळसाही संपत आला होता. या हकिकतीतली एक गोष्ट मॉडेलवाल्याने लक्षात ठेवावी: कोळसा जळत जाईल तशी बोट वर उचलली जाते आणि बाजूच्या चाकांची बुडी कमी होत जाते. निघताना फळ्या गरजेपेक्षा खोल, पोचताना उथळ. मॉडेलमधली बॅटरी काही हलकी होत नाही, त्यामुळे पाण्याची रेघ एकदाच ठरवायची असते. पण ती अचूकच ठरवावी लागते.

समुद्राला बाजूची चाकं का मानवली? लाटेवर बोट पुढे-मागे झुलते तेव्हा टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात आणि मध्य सर्वांत कमी. मागच्या टोकाला चाक लावलं तर एका क्षणी ते हवेत फिरेल आणि दुसऱ्या क्षणी पिछाडीवर येणारी लाट त्याच्यावर आदळेल. मध्यावरचं चाक या झुलण्यातून बरंचसं वाचतं. मात्र बोट कुशीवर कलली की एक चाक खोल जातं आणि दुसरं उघडं पडतं. हा बाजूच्या चाकांचा कायमचा दोष.

नदीतलं गणित अगदी वेगळं आहे. तिथे लाट नाही, पण पाणी उथळ, पात्र अरुंद आणि ओंडके वाहत येणारे. मागचं चाक बोटीच्या अंगामागे लपतं, त्यामुळे ओंडका आधी बोटीला लागतो. बोटीची रुंदीही वाढत नाही आणि थेट काठाला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, टेकवून माल उतरवता येतो. दाभोळच्या तोंडाशी समुद्र आणि आत गोवळकोटपर्यंत वाशिष्ठीची खाडी, हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे दोन स्वभाव वेगळे समजावून सांगायला नकोत.

अर्थात 'नदी म्हणजे मागचं चाक' असा सरसकट नियम करू नये. १८७० साली न्यू ऑर्लिन्स ते सेंट लुईस अशी जी गाजलेली शर्यत 'रॉबर्ट ई. ली' आणि 'नॅचेझ' यांच्यात झाली, त्या दोन्ही बोटी बाजूच्या चाकांच्या होत्या. आज न्यू ऑर्लिन्सला दिसणारी 'नॅचेझ' ही १९७५ सालची, आणि तिला चाक मागे आहे. नावावरून फोटो शोधून कामाला लागणारे इथेच फसतात. आपल्या शेजारी बांगलादेशात ढाका-बारिसाल मार्गावर 'रॉकेट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 'माहसूद' आणि 'ऑस्ट्रिच' या बोटी कोलकात्याच्या गार्डन रीचला १९२८-२९च्या सुमारास बांधलेल्या. चालायच्या नद्यांत, पण चाकं बाजूलाच.

आता खऱ्या मौजेच्या भागाकडे, म्हणजे चाकाकडे.

मागचं चाक घडवायला सोपं आहे आणि त्याचं सौंदर्यही त्या सोपेपणातच आहे. आडवा शाफ्ट, त्यावर काही चक्रं, चक्रांच्या आरांवर सरळ ठोकलेल्या लांब लाकडी फळ्या. चाकाची रुंदी जवळजवळ बोटीइतकी. फळी आराच्या रेषेतच घट्ट बसवलेली, वळत नाही. अशी फळी पाण्यात शिरताना पाण्यावर आपटते आणि बाहेर येताना आगरातल्या रहाटासारखी पाणी वर उचलते. त्यात शक्ती वाया जाते. म्हणून हे चाक मोठं ठेवतात, सावकाश फिरवतात आणि फळ्या थोड्याच बुडवतात. मॉडेलसाठी सागाच्या पातळ पट्ट्या आणि पितळी पत्र्याची चक्रं पुरतात. सगळ्या फळ्या एका मापाच्या आणि चक्रं एकमेकांशी बरोबर जुळलेली असली की काम झालं.

बाजूची चाकंही सुरुवातीला अशीच होती. पण १८२९ साली गॅलोवे यांनी पेटंट घेतलेली आणि पुढे मॉर्गन यांच्या नावाने ओळखली गेलेली रचना आली आणि फळ्या वळू लागल्या. प्रत्येक फळी बिजागरीवर बसवलेली, तिच्या पाठीला एक छोटा दांडा, आणि त्या दांड्यापासून एकेक सळी निघून एका वेगळ्या केंद्राकडे जाते. हे केंद्र चाकाच्या शाफ्टवर नसतं. ते किंचित पुढे, नाळेच्या बाजूला सरकवलेलं असतं. चाक एका केंद्राभोवती फिरतं आणि सळ्या दुसऱ्या, त्यामुळे फिरता फिरता फळीचा कोन आपोआप बदलतो. फळी जवळजवळ उभी पाण्यात शिरते, उभीच ढकलते आणि पाणी न उचलता बाहेर येते. सळ्यांपैकी एक मात्र केंद्राच्या कड्याला घट्ट जोडलेली हवी. तीच त्या कड्याला चाकाबरोबर फिरवते. बाकीच्या सगळ्या दोन्ही टोकांना सैल. ही एक घट्ट सळी विसरली, तर सगळी चाल अडखळते.

कोन बरोबर आहे का, हे कागदावरच तपासता येतं. चाकाचं वर्तुळ काढा, पाण्याची रेघ आखा आणि फळी जिथे पाण्यात शिरते तिथून तिच्या पात्याची रेषा वर वाढवा. ती वर्तुळाच्या माथ्याजवळून गेली, तर फळी पाणी न आपटता आत शिरेल. या एका आकृतीवर घालवलेली संध्याकाळ पुढे पुष्कळ डाग देणं (सोल्डरिंग) आणि पुन्हा उकलणं वाचवते.

डावं आणि उजवं चाक हे एकमेकांचं आरशातलं रूप असतं. दोन सारखीच चाकं करून एक उलटं बसवलं, तर एका बाजूच्या फळ्या उलट कोनात जातील. दोन्हींच्या चकत्या एकत्र कापा, पण दांडे आणि सळ्या जोडताना समोरासमोर ठेवूनच जोडा. आणि चाकाच्या पेटीवर, म्हणजे चाक झाकणाऱ्या आवरणावर, जी पंख्यासारखी सुंदर नक्षी दिसते, ती नुसती शोभा नाही. त्या फटींतून पेटीतली हवा आणि उडालेलं पाणी बाहेर पडतं. मॉडेलमध्ये ती नक्षी रंगवून मोकळं होण्याचा मोह होतो. तसं करू नका. बंद पेटीत पाणी कोंडतं, चाक त्यातच घुसळत राहतं आणि मोटर तापते.

माझं मत विचाराल तर वळत्या फळ्यांचं चाक ही या छंदातली सर्वांत देखणी वस्तू आहे. बोट पूर्ण झाली नाही तरी ते एक चाक हातात घेऊन फिरवत बसावं असं वाटतं.

वजनाची मांडणी दोन्हीकडे उलटसुलट आहे. मागच्या चाकाच्या बोटीत चाक, लांब दांडे आणि आडवी सिलिंडरं सगळी पिछाडीला असतात; तोल सावरायला बॉयलर पुढे ठेवतात. दोन्ही टोकांना वजन आणि अंग उथळ व सपाट, त्यामुळे टोकं खाली झुकून मधला भाग वर येण्याची भीती. ती रोखायला डेकवर खांब उभारून त्यांवरून लोखंडी सळ्या ताणून बसवत. मॉडेलमध्ये अंग पुरेसं ताठ असतं, सळ्यांची गरज नसते, तरी त्या ताणलेल्याच दिसल्या पाहिजेत. ढिली सळी सगळी शोभा घालवते. बॅटरी मात्र खऱ्या बॉयलरच्या जागी, पुढे ठेवा.

बाजूच्या चाकांच्या बोटीत इंजिन आणि चाकं मध्यावरच, त्यामुळे पुढे-मागे तोल साधणं सोपं. अडचण कलण्याची आहे. वरून रुंद दिसणारी ही बोट पाण्यात फार अरुंद असते. स्कॉटलंडची 'वेव्हर्ली' घ्या. १९४६ साली पाण्यात उतरलेली ही बोट समुद्रात प्रवासी नेणाऱ्या चाकांच्या आगबोटींपैकी जगात शेवटची उरलेली. ती सुमारे ७३ मीटर लांब. पेट्यांसकट रुंदी १७ मीटरांच्या वर, पण मूळ अंग जेमतेम ९ मीटर. १:९६ प्रमाणात करायची तर लांबी ७६ सेंटिमीटर आणि पाण्यातली रुंदी साडेनऊ सेंटिमीटर. पाण्याखालचा भाग इतका लहान उरतो की मोटर, बॅटरी, रिमोटचा रिसीव्हर सगळं मिळून वजन किलोच्या आत बसवावं लागतं. तेच १:४८ ला लांबी दुप्पट होते, पण वजन आठपट पेलतं. जागा आणि वाहनाची सोय असेल तर १:४८ घ्या. चाकं शक्य तितकी हलकी, वरचे मजले पातळ प्लायचे, आणि शिसं किंवा बॅटरी अगदी तळाशी, पठाणाला, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडाला, लागून.

सुकाणूची बाब थोडक्यात सांगतो. पंख्याच्या बोटीत पंख्याने फेकलेलं पाणी थेट सुकाणूवर येतं. बाजूच्या चाकांचं पाणी सुकाणूपासून दूर, दोन्ही कडांनी जातं. म्हणून अशी बोट हळू चालताना वळायला जड. दोन चाकांना दोन मोटर लावून ती जागच्या जागी फिरवता येते आणि टगच्या, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीच्या, मॉडेलला ते शोभतंही. पण 'वेव्हर्ली'सारख्या प्रवासी बोटीत दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर असतात. तिचं मॉडेल स्वतःभोवती गिरकी घेताना पाहवत नाही. मागच्या चाकाच्या बोटीत चाकाच्या लगेच पुढे दोन-तीन किंवा जास्त सुकाणू असतात. उलट चाल दिली की चाक पाणी थेट त्यांच्यावर फेकतं, त्यामुळे ती मागे जाताना फार चांगली वळते. नदीच्या वळणावर हे कसब फार कामाचं. तळ्यात मॉडेल चालवताना ते करून बघा.

पाणी कुठलं, याचाही विचार करा. सावंतवाडीचा मोती तलाव किंवा धामापूरचा तलाव पहाटे वारा पडलेला असताना दोन्ही जातींना चालतो. खाडीत फक्त बाजूच्या चाकांची बोट न्या आणि तीही भरती थांबली असताना. खाऱ्या पाण्यात मॉडेल थोडं वर तरंगतं. फरक मिलिमीटरभराच्या आतला, त्याची काळजी नको. काळजी करायची ती बिजागऱ्यांच्या पिनांची. लोखंडी पिना घातल्या असतील तर खारं पाणी त्या जाम करतं. पितळ किंवा स्टेनलेस वापरा आणि घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा. अंगावर इपॉक्सी आणि पातळ फायबर कापडाचा थर द्या. मासेमारीच्या होड्यांसाठी तो माल मालवण-रत्नागिरीकडे सहज मिळतो.

कोकणातल्या माणसाने पहिली बोट बाजूच्या चाकांचीच करावी, असं मला मनापासून वाटतं. मागचं चाक सोपं आहे हे खरं, पण आपल्या किनाऱ्यासमोरून धूर सोडत गेली ती बाजूच्या चाकांची बोट. मात्र कामाचा क्रम उलटा ठेवा: आधी चाकं, मग बोट. शाफ्टची उंची, पेटीची रुंदी, पेटीच्या पुढे-मागे बाहेर आलेल्या ओट्याची जागा, ही सगळी मापं तयार चाकावरून घ्यायची असतात. वळत्या फळ्या आणि त्यांच्या सळ्या फिरताना नेमकी किती जागा घेतात, हे नकाशावर पुरतं कळत नाही. टेबलावर दोन खांबांत शाफ्ट टेकवून चाक फिरवा, फळीच्या टोकाला पेन्सिल धरून वर्तुळ आखा, त्यात चारपाच मिलिमीटर मोकळी जागा मिळवा आणि मगच पहिल्या फासळीची लाकडं कापायला घ्या.