दोन टेकमधला फरक

मानपाड्याला भाच्याकडे गेलो की त्याच्या खोलीत डोकावल्याशिवाय माझं निघणं होत नाही. 10 फुटांची खोली, पलंगाला टेकवलेली गिटार, टेबलावर लॅपटॉप आणि छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडायची डबी. परवा तो वैतागून बसला होता. "मामा, गेन फुल केलाय, तरी आवाज बारीकच. रॉकच्या अल्बममध्ये गिटारची अशी भिंत कशी उभी राहते?" मी हेडफोन लावले. गिटार नुसती चरचरत होती. "गेन निम्म्यावर आण," म्हटलं (गेन म्हणजे अँपमध्ये, अँप्लिफायरमध्ये, सिग्नल किती जोरात ढकलायचा त्याचं बटण), तर त्याला पटेना.

गेन वाढवला की गिटारचा आवाज फाटतो, त्याला डिस्टॉर्शन म्हणतात. त्यात होतं ते असं. गिटारचा सिग्नल अँपला पेलवेल त्याहून मोठा झाला की लाटेचा माथा आणि तळ छाटला जातो. गोलसर लाट चौकोनी व्हायला लागते, आणि त्या चौकोनी कडांमधून नवे स्वर निघतात. 110 हर्ट्‌झच्या (म्हणजे सेकंदाला 110 कंपनांच्या) साध्या लाटेचा माथा नि तळ सारखाच छाटला, तर 330, 550, 770 असे विषम पटींचे स्वर उमटतात. तानपुऱ्याच्या घोडीवर धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा मार्ग वेगळा असला तरी मिळवायचे असतात ते असेच वरचे स्वर. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये याबद्दल लिहिलं होतं. एखाद्या जागी तार छेडली की नियमाप्रमाणे अमुक एक वरचा स्वर उमटूच नये, तरी तानपुऱ्यात तो ऐकू येतो. ही करामत घोडीच्या बाकदार पाठीची.

एकाच वेळी दोन तारा छेडल्या की छाटणी आणखी एक गोष्ट करते. दोन्ही स्वरांच्या बेरजा आणि वजाबाक्याही आवाजात येतात. रॉकमध्ये रिदमला पॉवर कॉर्ड वाजवतात, म्हणजे आपल्या भाषेत नुसते सा आणि प. पाचवी तार मोकळी, 110. चौथीवर दुसऱ्या फ्रेटचा (पडद्याचा) पंचम, जवळपास 165. वजाबाकी 55. म्हणजे कुणी न वाजवलेला खालच्या सप्तकातला सा आपोआप मिळतो. मला यातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

यात गंधार घातला की मात्र गडबड होते. गिटारवर सप्तकाचे 12 सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा गंधार तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. षड्जाची पाचवी पट 550 आणि या गंधाराची चौथी पट 554, म्हणून आवाज सेकंदाला 4 वेळा डुलतो. क्लीन टोनमध्ये, म्हणजे डिस्टॉर्शन नसताना, हे खपून जातं. डिस्टॉर्शन नेमके हेच वरचे स्वर मोठे करतं आणि कॉर्ड गढूळ होते. पंचम जवळजवळ शुद्ध असल्याने निभावतो.

आता गेनचं. छाटणीत हळू आणि जोरात यांतला फरक पुसला जातो. पिकचा (तार छेडायच्या पत्तीचा) तारेवर बसणारा पहिला टोला बोथट होतो, आणि वजन तर त्या टोल्यातच असतं. शिवाय मोठेपणा एका ट्रॅकमधून येतच नाही. पाडव्याला तलावपाळीवरून ढोल पथक जातं ते आठवा. 40 ढोल एका ठेक्यात असतात, पण प्रत्येक टिपरू केसभर मागेपुढे पडतं. त्या मागेपुढे पडण्यानेच आवाज रुंद होतो. एकच ढोल 40 पट मोठा केला तरी तो एकच ढोल राहील.

म्हणून तोच रिफ (गिटारचा परत परत येणारा छोटा तुकडा) दोनदा वाजवायचा. एक टेक, म्हणजे एका वेळचं रेकॉर्डिंग, पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. भाच्याने आधी कॉपी-पेस्ट केलं. दोन्ही कानांत हुबेहूब तेच गेल्यावर मेंदूला ते डोक्याच्या मधोमध ऐकू येतं. मग त्याने कॉपी 10 मिलिसेकंद सरकवली. हेडफोनवर बरं वाटलं, पण मोबाइलच्या एका स्पीकरवर डावं-उजवं एकत्र आलं तेव्हा 50, 150, 250 हर्ट्‌झ असे पट्टेच्या पट्टे एकमेकांना खाऊन गेले. दुसऱ्यांदा खरंच वाजवण्याला पर्याय नाही, आणि दोन्ही टेक घट्ट बसेपर्यंत वाजवावं लागतं.

चरचरीचं कारण वेगळं होतं. गिटार अँपचा 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्‌झच्या वरचं फारसं जाऊच देत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तो स्पीकर नसेल तर माश्या घोंघावतात. कॅबिनेटची (स्पीकरच्या पेटीची) इम्पल्स रिस्पॉन्स फाइल, म्हणजे एका टिचकीला त्या कॅबिनेटने दिलेल्या उत्तराची नोंद, लावल्याबरोबर आवाज माणसात आला.

खोलीनेही फसवलं होतं. समोरासमोरच्या भिंतींत 10 फूट अंतर असलं की सुमारे 57 हर्ट्‌झचा स्वर त्यांच्यात अडकून घुमतो. भिंतीजवळ फुगतो, मध्यावर जवळपास नाहीसा होतो. भाच्याची खुर्ची बरोबर मध्यावर, म्हणून तो बास वाढवतच गेला होता. मी त्याला स्पीकर चालू ठेवून भिंतीपाशी उभं केलं. तिथे नुसता गुंगाट ऐकून त्याने स्वतःच 90 च्या खालचं सगळं कापलं. मघाशी फुकट मिळालेला 55 चा षड्जही त्यात गेला, पण बास गिटारचा तो स्वर नेमका तिथेच असतो. रविवारी ऐरोलीहून त्याचा मित्र बास घेऊन येणार आहे. तेवढी जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे.